गाळलेला कर्ता : मराठी लेखनातला डोंगर आणि त्याचे स्वशासन

१

अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावाकडे राहिली’ ही छक्कड लालबाग-परळमध्ये महाराष्ट्र दिनाच्या आसपास आजही ऐकू येते. पोटासाठी मुंबईत आलेल्या माणसाच्या विरहापासून ती सुरू होते आणि बघता बघता संयुक्त महाराष्ट्राचे गाऱ्हाणे होते. त्या गाऱ्हाण्यात बेळगाव-कारवारच्या जोडीने डांग आणि उंबरगाव ही नावे येतात. बेळगावचे पुढे काय झाले हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. डांग-उंबरगावचे काय झाले हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

ही दोन्ही नावे आदिवासी मुलखाची आहेत. डांग म्हणजे सह्याद्रीच्या उत्तर टोकाचे भिल्ल-कोकणांचे जंगल, तर उंबरगाव म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामधला वारल्यांचा पट्टा. अण्णा भाऊंच्या छक्कडीपुढचा प्रश्न या भूमीवर मालकी कोणाची, मराठी राज्याची की दुसऱ्या कोणाची, असा आहे. त्या वेळी तो बरोबरच होता. हुतात्म्यांचे रक्त सांडत असताना कवीने तळटिपा द्याव्यात असे कोणी म्हणणार नाही. पण आज साठ-पासष्ट वर्षांनंतर त्या प्रश्नाचे एक तिसरेही उत्तर संभवत होते, हे नोंदवायला हरकत नसावी. मालकी तिथे राहणाऱ्यांची, हे ते उत्तर. मराठी आणि गुजराती अभ्यासक डांगी बोली कोणाची यावर वाद घालत राहिले. ती बोली बोलणाऱ्यांना आपला कारभार कसा हवा आहे, हे त्या वादाचे कलमच नव्हते.

निकाल १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याने लागला. १ मे रोजी आपल्याला मुंबई मिळाली. त्याच कायद्याने डांग गुजरातकडे गेला, ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातली बरीच गावे गेली आणि पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतलीही गावे तोडून दिली गेली. भाषावार प्रांतरचनेने मराठी माणसाला स्वतःचे राज्य दिले आणि वारली-भिल्लांच्या सलग मुलखातून सीमारेषा ओढली. परळमध्ये आपण पहिल्या गोष्टीचा उत्सव करतो. दुसऱ्या गोष्टीवर मराठीत एक धड ललित पुस्तक मला आजवर सापडलेले नाही.

या लेखात मला एक साधी कसोटी वापरून पाहायची आहे. डोंगरातल्या माणसांविषयी मराठीत जे मोलाचे लेखन झाले, त्यात ‘कारभार करणे’ या क्रियापदाचा कर्ता कोण आहे? भोगणारा कोण, लढणारा कोण, हे या लेखनात ठसठशीत दिसते. ठरवणारा कोण, हे तितके दिसत नाही.

२

सुरुवात अर्थातच गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकापासून करावी लागते. ते १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पुण्याच्या सुखवस्तू गोखले घराण्यातली, भारत सेवक समाजाची पहिली महिला आजीव सदस्य झालेली ही बाई डहाणू-तलासरीच्या झोपड्यांतून राहिली. वेठबिगार आणि लग्नगडी या दोन प्रथांनी बांधलेली माणसे तिने पाहिली. लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांच्या कर्जापोटी नवरा-बायको दोघांनी जन्मभर सावकाराच्या घरी राबायचे, याला लग्नगडी म्हणत. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले. तिथे माह्या धांगडा हा वारली व्यासपीठावर उभा राहून बोलला. मे महिन्यात झरीला वारल्यांची सभा झाली आणि वेठ बंद करण्याचा निर्धार झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबरचे वारली मारले गेले.

या पुस्तकाचे मोठेपण त्याच्या निरलंकार गद्यात आहे. बाई कुठेही स्वतःला आईच्या किंवा देवीच्या भूमिकेत ठेवत नाहीत, आपले अडाणीपण लपवत नाहीत. वारल्यांची भीती कशी एकेक पापुद्र्याने गळत गेली, हे त्यांनी ज्या धीराने टिपले आहे त्याला मराठीत तोड नाही. पण आपली कसोटी लावली की एक मर्यादा दिसते. या पुस्तकापुढचा प्रश्न गुलामीचा आहे आणि तो सुटला की कथा पूर्ण होते. माणूस जागा झाला. जागा झाल्यावर त्याने पाड्याचा, जंगलाचा, जमिनीचा कारभार कसा करावा, कोणते निर्णय त्याचे आणि कोणते तालुक्याच्या कचेरीचे, हा प्रश्न पुस्तकाच्या कक्षेबाहेर राहतो. त्याचे कारण लेखिकेच्या राजकारणातही आहे. वर्गलढ्याच्या मांडणीत वारली हा आधी शेतमजूर होता. त्याचे डोंगरी असणे, त्याची जात-पंचायत, त्याची भाषा या गोष्टी मजुरीच्या दरापुढे दुय्यम होत्या. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये, ही मागणी नेमकी होती आणि ती लढवता येत होती. स्वशासनाची मागणी अशी पौंडा-रुपयांत बसत नाही.

परळमधून हे पुस्तक वाचताना एक तुलना टाळता येत नाही. १९२८ च्या संपात आणि त्यानंतर गिरणी कामगार युनियनने गिरण्या-गिरण्यांतून कमिट्या उभ्या केल्या. खात्याखात्यातून कामगार निवडून यायचे आणि रोजच्या कुरबुरींचा निवाडा मागायचे. इतिहासात त्या संपाच्या पोटात दडून गेल्या, पण आमच्या भागातला स्वशासनाचा तो पहिला धडा होता. पुढे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातल्या एका उद्योगात एकच संघटना ‘प्रातिनिधिक’ ठरवली. १९८२ च्या जानेवारीत अडीच लाखांच्या घरात गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या वतीने बोलण्याचा कायदेशीर अधिकार त्यांनी निवडलेल्या नेत्याकडे नव्हता. लढण्याचे बळ आणि बोलण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गिरणगावाला फार महाग पडून कळले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्हा तोडून गडचिरोली हा नवा जिल्हा झाला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण लढणाऱ्याच्या वतीने बोलण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्न तिथे आणि इथे एकच आहे.

३

आता थोडे कायद्याच्या मजकुराकडे वळू. कायदा हाही मजकूर आहे आणि त्याचीही समीक्षा व्याकरणाने करता येते.

१९३५ च्या कायद्याने डोंगरी मुलखासाठी ‘वगळलेले’ आणि ‘अंशतः वगळलेले’ असे दोन शब्द आणले. मुंबई इलाख्यात अक्राणी, पेठ, कळवण, डहाणू, मोखाडा, उंबरगाव हे ‘अंशतः वगळलेले’ होते. सायमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ साली या प्रदेशांतल्या डोंगरी जमातींवर जो अहवाल दिला, त्यात वारल्यांच्या वेठीचे चित्र स्पष्ट आहे. तरी प्रदेशाचे नाव ‘वगळलेले’ हेच राहिले. हे कर्मणी विशेषण आहे. कोणीतरी वगळतो आणि हे वगळले जातात.

राज्यघटनेने दोन वाटा केल्या. सहावी अनुसूची तेव्हाच्या आसामच्या डोंगरी जिल्ह्यांसाठी आली. आज ती आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराममध्ये लागू आहे. तिच्यात वाक्याचा कर्ता जिल्हा परिषद आहे. परिषद जमिनीविषयी कायदे करील, राखीव नसलेल्या वनांविषयी करील, वारसा आणि विवाह यांविषयी करील, ग्रामन्यायालये नेमील, कर बसवील. जास्तीत जास्त तीस सदस्य आणि त्यांतले चारच नामनिर्देशित. पाचवी अनुसूची महाराष्ट्रासह बाकीच्या राज्यांसाठी. तिच्यातला कर्ता राज्यपाल आहे. एखादा कायदा लागू नाही असे राज्यपाल फर्मावू शकतात आणि नियम करू शकतात. आदिवासींच्या वाट्याला वीस जणांपर्यंतची सल्लागार परिषद आली, तीही विचारले तर सल्ला देणारी. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना जाऊ लागला, ही महाराष्ट्रातली चांगली गोष्ट. पण तीसुद्धा राज्यपालांच्या अधिकारातून आली.

हा भेद का केला? १९४९ च्या सप्टेंबरात घटना समितीत सहाव्या अनुसूचीची चर्चा झाली. आसामच्या जमातींची मुळे अजून त्यांच्याच संस्कृतीत आहेत आणि इतर प्रांतांतल्या जमाती भोवतालच्या बहुसंख्य समाजाच्या चालीरीतींत कमी-अधिक मिसळल्या आहेत, असे कारण बाबासाहेब आंबेडकरांनी दिले. परळच्या बी.आय.टी. चाळीत वीसहून अधिक वर्षे काढलेल्या आणि इथल्याच दामोदर हॉलमधून बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम चालवलेल्या बाबासाहेबांविषयी मला जो आदर आहे तो राखूनच म्हणतो, या युक्तिवादातला ‘मिसळणे’ हा शब्द तपासायला हवा. सावकाराच्या शेतावर लग्नगडी म्हणून राबणारा वारली बहुसंख्य समाजात मिसळला होता की त्याच्याखाली दबला होता? बाबासाहेबांच्याच इतर लेखनात या दोन क्रियापदांतला फरक कोणाहीपेक्षा स्पष्ट आहे. डोंगरी जमातींच्या बाबतीत तो फरक पुसट झाला आणि त्याचा परिणाम आपल्या साहित्यावरही झाला, असे मला वाटते. मिसळलेल्याची वेगळी कथा कशाला, तो आपलाच, असे धरून आपण चाललो. त्याचे दुःख आपल्या करुणेत जमा झाले आणि त्याचा कारभार आपल्या मंत्रालयात.

चूक दुरुस्त करण्याची एक संधी १९९६ मध्ये आली. पंचायत राज्याच्या ७३ व्या घटनादुरुस्तीतून अनुसूचित क्षेत्रे बाजूला ठेवली होती. तिथे पंचायती नेण्यासाठी २४ डिसेंबर १९९६ रोजी ‘पेसा’ कायदा आला. गोदावरीबाई त्याच वर्षी ऑक्टोबरात गेल्या. अवघ्या अडीच महिन्यांचे अंतर! पेसाने ग्रामसभेला प्रथमच कर्तेपण दिले. ग्रामसभा आपल्या परंपरा, सामुदायिक साधनसंपत्ती आणि तंटे सोडवण्याच्या रीती राखायला ‘सक्षम असेल’, असे त्यात म्हटले आहे. पण माझ्या मते त्या कायद्याचे हृदय चौथ्या कलमाच्या शेवटच्या पोटकलमात आहे. जिल्हा पातळीवरची रचना करताना राज्य विधिमंडळ सहाव्या अनुसूचीचा नमुना अनुसरण्याचा ‘प्रयत्न करील’, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. ‘करील’ असे नाही, ‘प्रयत्न करील’ असे. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ साली आले. त्यात ग्रामसभेचा कोष आहे, समित्या आहेत. जिल्ह्याचा आराखडा नाही.

एका क्रियापदाने किती जमीन गिळता येते हे परळकरांना सांगायला नको. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होणार होते : एक पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटे फक्त ‘मोकळ्या’ जमिनीचे करायचे ठरले. मैदाने आणि घरे त्या एका विशेषणात गेली.

४

पेसानंतरच्या मराठी लेखनाने या शेवटच्या पोटकलमाची दखल घेतली का?

त्याआधी विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी येऊन गेली होती. भामरागडच्या बाजूचा माडिया तरुण एकीकडे जंगलखाते, ठेकेदार आणि पोलीस, तर दुसरीकडे बंदूकवाले ‘दादा’ यांच्या कात्रीत सापडतो. शेवटी निवड त्याच्या हाती उरत नाही. शीर्षकातला ‘जन्म’ हा शब्द फार बोलका आहे. जन्म कोणी ठरवून घेत नाही. कादंबरीने शहरी वाचकाला हादरवले आणि तिचे ते श्रेय मोठे आहे. पण इथेही माडिया माणूस ज्याच्यावर घटना कोसळतात असा आहे. गावाची स्वतःची व्यवस्था दोन्ही बंदुकांच्या आवाजात ऐकू येत नाही.

ती व्यवस्था पहिल्यांदा नीट ऐकू आली मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा हे पाचशेच्या आसपास वस्तीचे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे आता मराठी वाचकाला परिचित आहेत. ग्रामसभेत निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने व्हायचा. निर्णयाआधी अभ्यास गटात विषय घोळायचा आणि अभ्यास गटाला निर्णयाचा अधिकार नसायचा. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ते परवाना पुस्तक ग्रामसभेकडे आले. बांबूच्या गाडीबरोबर जाणाऱ्या कागदावर सही कोणाची, इतका हा व्यवहारी प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मिळवायला एका गावाला दोन दशके लागली.

बोकिलांचे गद्य या विषयाला शोभणारे आहे. ते सभेच्या इतिवृत्तासारखे संथ चालते. कोणालाही नायक करत नाही, प्रक्रिया दाखवते. आपली कसोटी उतरणारे हे मराठीतले बहुधा पहिले पुस्तक, कारण यात ठरवणारा गावच आहे. माझी तक्रार पुस्तकाविषयी नाही, आपल्या वाचनाविषयी आहे. आपण मेंढ्याला ‘आदर्श गाव’ करून टाकले. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ज्या फळीवर ठेवले, त्याच फळीवर मेंढाही ठेवले. दारूबंदी, श्रमदान, एकोपा! गावाच्या गुणांची गोष्ट सांगितली की हक्काची गोष्ट आपोआप मागे पडते. चांगल्या गावाला हक्क मिळतो असा धडा वाचक नकळत घेतो. खरे तर हक्क मेंढ्याइतकाच भांडणाऱ्या, फुटलेल्या, आळशी गावाचाही आहे. वाईट कारभार करणाऱ्या शहरांची महापालिका आपण काढून घेत नाही.

आणि गाव या मापाचाच प्रश्न आहे. मराठी मनाला गाव आवडते. गावगाडा आपल्याला कळतो. जिल्हा म्हटले की कलेक्टर कचेरी डोळ्यांपुढे येते. म्हणून पेसामधले ग्रामसभेचे कलम आपण उचलले आणि जिल्ह्याचे विसरलो. डोंगराचे अर्थकारण मात्र गावाच्या शिवेवर थांबत नाही. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते. त्याच डोंगरातून लोहखनिज निघते. परिसरातल्या अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. पण खाणपट्ट्याआधी ग्रामसभेची शिफारस हवी, हे पेसाचे बंधन गौण खनिजांपुरते आहे आणि लोहखनिज गौण नाही. वाळूसाठी गावाला विचारायचे आणि डोंगरासाठी नाही! इथे एकेकट्या गावाचा आवाज अपुरा पडतो. डोंगराच्या उंचीची संस्था लागते.

५

यावरचे आक्षेप मला माहीत आहेत आणि ते पोकळ नाहीत.

पहिला : गडचिरोलीत २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३९ टक्के आहे आणि जिल्ह्याचा काही भागच अनुसूचित आहे. जिल्हा परिषदेला सहाव्या अनुसूचीचे अधिकार दिले तर उरलेल्यांचे काय? आक्षेप रास्त आहे. पण नंदुरबारमध्ये दहांतली जवळजवळ सात माणसे अनुसूचित जमातींची आहेत. तिथे हा प्रयोग करायला कोणती अडचण होती? शिवाय सीमा जिल्ह्याचीच असावी असे कुठे आहे? १९६० साली आपण तालुके कापून राज्ये जुळवली होती.

दुसरा : तिथून निवडून तर आदिवासीच येतात, मंत्री होतात. खरे आहे. पण निवडून आलेल्या जिल्हा परिषद सदस्याला शाळेच्या खोल्या आणि रस्त्याची खडी यांवर मत देता येते. वन आणि जमीन हे तिच्या पटावरच नसतात. प्रतिनिधित्व मिळाले, पण विषय मिळाले नाहीत.

तिसरा : ईशान्येतल्या परिषदांचा कारभार तरी कुठे धड आहे? तिथे पैशासाठी राज्याकडे हात पसरावे लागतात, गटबाजी आहे, भ्रष्टाचाराचे आरोप आहेत. हेही खरे. दार्जिलिंगला १९८८ साली हिल कौन्सिल मिळाली आणि असंतोष संपला नाही. लेहला १९९५ पासून स्वायत्त डोंगरी परिषद आहे. तरी २०१९ नंतर लडाख सहावी अनुसूची मागतो आहे, म्हणजे अर्ध्या अधिकाराची चव घेतलेल्यांनाच पुऱ्याची किंमत कळते. लडाखच्या मागणीवर आपल्या वर्तमानपत्रांतून सहानुभूतीने लिहून येते. अक्राणीसाठी तीच मागणी कोणी केली तर तिच्याकडे आपण ‘विकासाच्या आड येणारी’ म्हणून पाहू, अशी मला धास्ती आहे.

६

वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता मराठी साहित्याच्या अभ्यासकांना सांगायला नको. ‘गोधड’ या संग्रहाचा हा भिल्ल कवी शहाद्याच्या श्रमिक चळवळीतून आला. आपल्याविषयी बोलणारे मंचावर आणि आपण खाली, इतकी साधी ती गोष्ट आहे. समीक्षेने ती आदिवासींच्या व्यथेची कविता म्हणून गौरवली. मला ती कामकाजाविषयीची कविता वाटते. सभेत कोण कुठे बसतो, कार्यक्रमपत्रिका कोण तयार करतो, वेळ कोण वाटतो, हे प्रश्न ती विचारते. हे स्वशासनाचे प्रश्न आहेत आणि ते एका भिल्ल कार्यकर्त्याने विचारले. टिटवाळ्याला माह्या धांगडा मंचावर चढला होता. त्यानंतर त्याला कार्यक्रमपत्रिका ठरवायलाही बोलावले असते तर आपले साहित्य थोडे वेगळे झाले असते.

मराठीत दलित साहित्याने ‘मी’ हा कर्ता आणला आणि भाषा हलली. डोंगराच्या साहित्यात ‘आम्ही ठरवले’ हा कर्ता-क्रियापदाचा जोड अजून दुर्मीळ आहे. तो आणायला प्रतिभेइतकेच कागद लागतील : ग्रामसभांची इतिवृत्ते, वनहक्क समित्यांच्या वह्या, बांबूच्या लिलावाचे हिशेब. मराठी संशोधकांनी संतांच्या आणि पेशव्यांच्या दप्तरांवर आयुष्ये घालवली. या वह्या दहा-वीस वर्षांच्या आहेत, पावसात भिजतात, वाळवी लागते. त्या कोणीतरी गावांच्या परवानगीने उतरून घ्यायला हव्यात. ज्या माडियात, गोंडीत, भिल्लीत सभेत बोलले गेले, ते मराठीत लिहिताना काय गळले, हेही पाहायला हवे. त्या वह्यांत सहमती न देणारी माणसेही सापडतील, आणि ती सापडणे महत्त्वाचे आहे.

पेसाला पुढच्या वर्षागणिक तीस वर्षे होत आली. चौथ्या कलमातले ‘प्रयत्न करील’ हे क्रियापद अजून भविष्यकाळातच आहे. विधिमंडळ त्याचा वर्तमानकाळ कधी करील हे आपल्या हाती नाही. मराठी लेखनातला गाळलेला कर्ता परत लिहिणे मात्र आपल्या हाती आहे. त्यासाठी कोणाच्या राज्यपालांची परवानगी लागत नाही.